पुढच्या खोलीला पुन्हा खोली समजण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
मद्यविक्री परवाना शाखा,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय: अर्जदाराच्या राहत्या घराची पुढची खोली ही शाळा नसून खोली असल्याचे मान्य करून तसे ना हरकत पत्र मिळणेबाबत.

संदर्भ: १) समोरील बारविरुद्ध अर्जदाराने वेळोवेळी केलेले अर्ज, जे या अर्जाद्वारे मागे घेण्यात येत आहेत.
२) आपल्या शाखेचा अंतरमोजणीचा नकाशा.
३) शिक्षण कार्यालयाचे "आपल्या स्तरावर पाहावे" असे पत्र.

महोदय,
(मागील अर्जानंतर आपली बदली झाली असल्यास, नवीन महोदय,)

१. अर्जदार गल्लीतील चार मजली इमारतीत, तळमजल्यावर, मुख्य दाराच्या उजव्या हाताला राहतो. घरात तो, त्याची पत्नी व वडील अशी माणसे आहेत. अर्जदार रुग्णालयाच्या कान विभागात श्रवणतपासणीचे काम करतो. म्हणजे रुग्णाला काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून तो बारीक बारीक आवाज सोडतो, आणि आवाज ऐकू आला की काचेपलीकडचा रुग्ण हात वर करतो. हा तपशील पुढे लागणार आहे. अर्जात 'मी' न लिहिता 'अर्जदार' लिहिले आहे, ते आपल्याच शाखेतील कारकुनांच्या सल्ल्यावरून. 'मी' लिहिले की तक्रार वाटते आणि 'अर्जदार' लिहिले की प्रकरण वाटते, असे त्यांनी मागील खेपेस चहा पिता पिता सांगितले होते. तक्रारीला शेरा मिळतो, प्रकरणाला फाईल मिळते.

२. गल्लीच्या पलीकडे, इमारतीच्या दारासमोर, पूर्वी इस्त्रीचे दुकान होते. इस्त्रीवाले थकले, त्यांनी गाळा विकला आणि एके दिवशी तेथे 'बार व खाद्यगृह' अशी पाटी चढली. पैकी खाद्य म्हणजे खारे दाणे. त्यानंतर इमारतीचे काय झाले, हे अर्जदाराने यापूर्वी सविस्तर लिहिलेले आहे. ते आपण वाचले असेल असे समजून थोडक्यात, आणि वाचले नसेल असे समजून पुन्हा, येथे देत आहे.

संध्याकाळ झाली की बारमध्ये गाणे लागते. गाणी नव्हेत, गाणे. सकाळी रिकाम्या बाटल्या पिंपात ओतल्या जातात. 'ठेवल्या जातात' असे लिहिण्याची अर्जदाराची फार इच्छा होती. इमारतीच्या बाजूच्या भिंतीचा जो उपयोग होऊ लागला, त्याचे वर्णन सरकारी कागदावर करता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरील परिचारिका कामावरून सुटल्यावर पूर्वी सरळ पुढच्या दाराने येत असत. बारच्या दारात उभ्या असलेल्या मंडळींनी एकदा त्यांना वाट करून देताना ज्या काही सूचना केल्या, त्यानंतर त्या एक स्टॉप पुढे उतरून मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून येऊ लागल्या. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही, फक्त वाट बदलली. या संपूर्ण प्रकरणात तक्रार म्हणावी अशी गोष्ट खरे तर तीच होती, आणि नेमकी तिचीच कुठे नोंद नाही.

शिवाय एक रंगारी आहे. हा गृहस्थ दोन पेले झाले की बारमधून निघून अर्जदाराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन उभा राहतो आणि आपल्या मेहुण्याला फोन करतो. विषय सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनीचा. बोलणे आर्जवाने सुरू होते, शिव्यांवर येते आणि हुंदक्यांनी संपते. अर्जदाराच्या घरी हा वाद इतका ऐकला गेला आहे की पत्नी अलीकडे उघड उघड मेहुण्याच्या बाजूची झाली आहे. अर्जदार अद्याप तटस्थ आहे.

झोपेचे मात्र पार खोबरे झाले. रुग्णालयातील आवाजबंद खोली ही अर्जदाराच्या वाट्याची शहरातली एकमेव शांत जागा. तेथे एकदा एक वयस्क रुग्ण काचेपलीकडे हात वर करून बसले होते आणि अर्जदार काचेअलीकडे गाढ झोपला होता. तपासणी अशीच असते असे समजून त्या भल्या माणसाने हात खाली घेतला नाही. या प्रसंगाबद्दल अर्जदारास ज्ञापन मिळाले, बारला मिळाले नाही.

३. यावर उपाय इमारतीच्या सचिवांनी शोधला. सचिव हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत आणि कोणत्याही कागदातील बारीक अक्षरे आधी वाचतात. शैक्षणिक संस्थेपासून पंच्याहत्तर मीटरच्या आत मद्यविक्रीचा परवाना देता येत नाही, हे त्यांना आपल्याच नियमावलीत सापडले. गल्लीत शैक्षणिक संस्था नव्हती. सचिवांनी गच्चीवर सभा बोलावली आणि विचारले, बार हटत नसेल तर शाळा का आणू नये?

सभेचा निर्णय सभा सुरू होण्याआधीच झालेला असावा. तळमजल्यावर कोण राहते? अर्जदार. बालशिक्षणाची पदविका कोणाकडे आहे? अर्जदाराच्या पत्नीकडे, लग्नाआधीची, कपाटाच्या वरच्या फळीवर गुंडाळून ठेवलेली. नियमात बालवाडी बसते? बसते. सगळ्यांच्या माना अर्जदाराकडे वळल्या. अर्जदाराने आयुष्यात कोणाला तोंडावर नाही म्हटलेले नाही, हे इमारतीत सर्वांना ठाऊक आहे. "कागदोपत्री हो, फक्त कागदोपत्री," सचिव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "एक पाटी लावायची. बार गेला की पाटी काढायची."

४. येथे अर्जदाराच्या वडिलांविषयी (यापुढे 'नाना') सांगणे भाग आहे, कारण ती पुढची खोली नानांची होती.

नाना बस आगारात वाहतूक नियंत्रक होते. फाटकाजवळच्या टपरीत बसून आलेली गाडी पुकारायची, सुटणारी गाडी सोडायची, यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी पुढच्या खोलीच्या खिडकीशी खाट लावून घेतली आणि काम चालू ठेवले. लिहीत काही नसत, फक्त पुकारत. "दुसरा मजला आला." "चौथा मजला सुटला, छत्री विसरला." "तिसरा मजला आज लेट आहे, ड्यूटी लांबली असणार." घरात कोणी ऐको न ऐको, पुकारा होत असे. परिचारिका बोळातून येऊ लागल्यावर पहिल्यांदा बोलले तेही नानाच: "तिसरा मजला सुटतो, पण परत येत नाही. मार्ग बदललाय." आणि अर्जदार रुग्णालयातून परतताना गल्लीच्या तोंडाशी दिसला की नाना खिडकीतून हात वर करत आणि आत सुनेला सांगत, "आमची गाडी आली." तेवढे ऐकून पत्नी चहा टाकत असे. पायरी चढेपर्यंत चहाला उकळी आलेली असे. अर्जदाराला वाटे, चहा हा असाच तयार असतो.

५. बालवाडीच्या नोंदणीसाठी शिक्षण कार्यालयाकडून पाहणी झाली. वर्गात खाट चालणार नाही, असा शेरा मिळाला. सबब खाट आतल्या खोलीत गेली. आतल्या खोलीची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते आणि तेथून चार मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. किती दिवस, असे नानांनी विचारले. दोन-चार दिवस, असे अर्जदाराने सांगितले. नानांनी मान डोलावली. वेळापत्रक सांगणाऱ्या प्रत्येक साहेबासमोर ते आयुष्यभर तशीच मान डोलवत आले होते.

पाहणीच्या दिवशी इमारतीतील मुले चटईवर बसवण्यात आली. पाहणी संपली, पण मुले काही गेली नाहीत. आयांच्या लक्षात आले की सकाळचा वेळ मोकळा मिळतो. शेजारच्या गल्लीतील आयांच्याही लक्षात आले. कागदोपत्री असलेली बालवाडी बघता बघता खरीच भरू लागली. पत्नी घसा बसेपर्यंत शिकवू लागली. घरात तक्त्यांचे ढीग झाले, मोरीत बुटके स्टूल आले, आणि आपले सदरे हुडकायला अर्जदाराला पाण्याच्या बाटल्यांची रांग ओलांडावी लागू लागली. दुपारी मुले गेल्यावर नाना काठी टेकत पुढे येत, लहानग्या खुर्चीवर कसेबसे बसत आणि खिडकीतून संध्याकाळचे पुकारे करत. तेवढ्यावर चालले होते.

६. यानंतर आपल्या शाखेने स्थळपाहणी केली. आपले कर्मचारी फीत घेऊन आले. अंतर दारापासून दारापर्यंत, माणूस ज्या वाटेने चालेल त्या वाटेने मोजायचे असते, असे त्यांनी समजावले. गल्ली एवढीशी. फीत पूर्ण उलगडावीसुद्धा लागली नाही. बार हटवा, अशी नोटीस निघाली आणि सचिवांनी इमारतीत पेढे वाटण्याच्या थाटात ती नोटीस वाटली.

परंतु बारचे मालकही बारीक अक्षरे वाचणारे निघाले. त्यांनी गल्लीकडचे दार काढून टाकले व नवीन दार गाळ्याच्या पाठीमागच्या रस्त्याला पाडले. गल्लीच्या बाजूने गाळा आणि त्याच्या कडेने मागच्या रस्त्याला जाणारी अरुंद वाट, या दोन्हींसमोर छातीइतका लोखंडी कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकला. आता अर्जदाराच्या दारातून बारच्या दाराशी जायचे म्हणजे गल्लीच्या शेवटापर्यंत जाऊन, कोपरा वळून, मागच्या रस्त्याने परत यायचे. आपले कर्मचारी पुन्हा आले, पुन्हा फीत धरली, आणि अंतर पंच्याहत्तर मीटरहून अधिक भरले. नोटीस रद्द झाली.

त्यामुळे पुढील परिस्थिती उद्भवली आहे. बार जेथे होता तेथेच आहे. सरळ पाहिले तर तो अर्जदाराच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि आपल्या कार्यालयाच्या दृष्टीने तो पुष्कळ लांब आहे. गाणे सरळ रेषेत येते. बाटल्या याच बाजूला ओततात. रंगाऱ्याला खिडकीची सवय झालेली असल्याने तो वळसा घालून येतो. फक्त दारातली गर्दी मागच्या रस्त्याला गेली, आणि त्या दिवसापासून तिसरा मजला पुन्हा पुढच्या दाराने येऊ लागला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मागच्या रस्त्यावरील रहिवाशांनी आता आपल्याकडे अर्ज केल्याचे ऐकतो. तेथेही लवकरच कोणाची तरी पुढची खोली जाईल, असा अंदाज आहे.

७. मालकांनी दार काढले त्या जागी भिंत बांधली नाही. मोठी काच बसवली. ही गोष्ट शिक्षण कार्यालयाच्या पुढील पाहणीत आली. वर्गाच्या खिडकीतून बालकांच्या दृष्टीस मद्यपान पडते, तरी खिडकी कायमस्वरूपी बंद करावी, असा शेरा मिळाला. बार बंद करावा असा शेरा देण्याचा अधिकार त्यांना नाही, खिडकीचा आहे. सबब खिडकीवर प्लायवूड ठोकण्यात आले आणि आतून त्यावर हसरा सूर्य रंगवण्यात आला. रंगकाम त्याच रंगाऱ्याने केले, दुपारी, शुद्धीत असताना. काम चोख आहे.

नानांनी संध्याकाळी येऊन सूर्याकडे बराच वेळ पाहिले. दुसऱ्या दिवशी काठी घेतली, फिरून येतो म्हणाले, आणि आलेच नाहीत. अर्जदार दारात उभा राहून गल्लीत दोन्हीकडे पाहत असताना समोरच्या काचेत कोणीतरी हात वर केला. नाना होते. कठड्याला वळसा घालून, बारच्या नवीन दाराने आत जाऊन, काचेलगतच्या टेबलावर लिंबू-सोडा घेऊन बसले होते. तेथून इमारतीचे दार अगदी समोर दिसते. अर्जदाराने स्वतः बसून खात्री केली आहे: गल्लीत यापेक्षा चांगली खिडकी आता उरलेली नाही.

८. नाना रोज जाऊ लागले. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, याची साक्ष मालक देतील, जरी मालकांच्या साक्षीचे वजन किती, हे आपणांस अधिक ठाऊक. हळूहळू नानांनी तेथेही नियंत्रण हाती घेतले. कोणी फार वेळ बसला की ते काठी टेकून म्हणत, "सुटा आता. घरी वाट बघतायत." आणि माणसे सुटत. पोलिसांनी सांगून जे झाले नाही, ते काठीच्या टकटकीने होऊ लागले. हमरातुमरी थांबली. गाणे लवकर बंद होऊ लागले. रंगाऱ्याला त्यांनी एवढेच सांगितले, "मेहुण्याला सकाळी फोन करत जा. सकाळी तुझंही म्हणणं खरं वाटतं." त्याने केला. जमिनीचे काय ठरले ते अर्जदारास कळू शकले नाही, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीखालचे फोन बंद झाले. पत्नीला थोडे चुकल्यासारखे वाटते.

याचा अर्थ, इमारतीने इतक्या अर्जांतून जे मागितले होते त्यातील बरेचसे नाना एका लिंबू-सोड्यावर मिळवून देत होते. परंतु ते कोणत्याही नियमात बसत नव्हते.

९. सचिवांनी समोर उभे राहून मोबाइलवर फोटो काढला. बालवाडीच्या व्यवस्थापकांचे (म्हणजे अर्जदाराचे) वडील भर संध्याकाळी मद्यालयात बसतात, यामुळे संस्थेच्या लौकिकास बाधा येते, असे पत्र त्यांनी अर्जदारास दिले व प्रत शिक्षण कार्यालयास पाठवली. फोटोत नाना हात वर करून आणखी एक पेला मागत आहेत, असे पत्रात म्हटले आहे. शिक्षण कार्यालयाने खुलासा मागवला. दोन पालकांनी मुले पाठवणे थांबवले. पैकी एक पालक स्वतः नानांच्या शेजारच्या टेबलावर बसतात.

अर्जदाराने नानांना समजावून पाहिले. आतल्या खोलीत पंखा लावून देतो म्हणाला, टीव्ही आणतो म्हणाला. नाना म्हणाले, टीव्हीत आपल्या इमारतीतले कोणी दिसत नाही.

१०. मागच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी चर खणलेला आहे. एका संध्याकाळी अर्जदार दारात उभा असताना काचेतून नाना उठताना दिसले. वळसा घालून यायला त्यांना वेळ लागतो, म्हणून अर्जदार थांबला. मग आणखी थांबला. तेवढ्यात कठड्याच्या पलीकडे, गाळ्याच्या कडेच्या वाटेने रंगारी धावत आला आणि ओरडला, "नाना चरात पडलेत!"

अर्जदाराने कठड्यावर चढण्याचा प्रयत्न केला. त्याचे वय व पोट पाहता तो यशस्वी झाला नाही. विजारीचा एक तुकडा मात्र तेथे अडकून राहिला. मग तो उतरून गल्लीच्या शेवटापर्यंत धावला, कोपरा वळला, मागच्या रस्त्याने परत धावला. आत्ताच समोर दिसलेल्या बापापर्यंत पोहोचायला त्याला पंच्याहत्तर मीटरहून अधिक धावावे लागले. आपल्या शाखेची मोजणी अचूक आहे, हे अर्जदार येथे स्वानुभवाने प्रमाणित करतो.

तोवर रंगाऱ्याने आणि वेटरांनी नानांना वर काढून बारमधल्या बाकावर निजवले होते. कोणीतरी स्वतःचा शर्ट घडी करून त्यांच्या डोक्याखाली दिला होता. गाणे बंद होते. ज्यांच्याविरुद्ध अर्जदाराने इतके कागद खर्ची घातले, ती माणसे पेले खाली ठेवून त्याला वाट करून देत होती, आणि या खेपेस कोणी काही सूचना केली नाही. अर्जदार नानांना म्हणाला, घरी चला. नानांनी डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "घर कुठाय? तिथं शाळा आहे. पास झालो की येतो."

कोणी हसले नाही.

११. मांडीच्या हाडाला चीर आहे. घराबाहेर चालायचे नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तेव्हापासून नाना आतल्या खोलीत पाइपांकडे तोंड करून पडून असतात. पुकारा बंद आहे. कोण आले, कोण गेले, विचारत नाहीत. जेवण पुढे ठेवले तर जेवतात, नाही ठेवले तर मागत नाहीत. ऐकू येत नसेल या आशेने, होय, आशेनेच, अर्जदाराने त्यांना रुग्णालयात नेऊन स्वतः तपासले. काचेपलीकडे बसून नानांनी प्रत्येक आवाजाला बरोबर हात वर केला. इतका बारीक आवाज की तरुणांनाही चुकतो. कान शाबूत आहेत. घरी आणल्यावर तो हात पुन्हा वर झालेला नाही.

हल्ली अर्जदार कामावरून येतो तेव्हा चहा तयार नसतो. पत्नीचा दोष नाही. गाडी आल्याचे तिला कोणी सांगत नाही.

१२. खिडकी उघडण्यासाठी अर्जदाराने शिक्षण कार्यालयात अर्ज केला. समोर बार दिसत असेतोवर वर्गाची खिडकी उघडता येणार नाही, असे उत्तर आले. मग बालवाडी बंद करण्याचा अर्ज केला. सदर संस्था ही परवाना शाखेच्या एका प्रकरणाचा आधार असल्याने त्या शाखेचे ना हरकत पत्र आणावे, असे उत्तर आले. आपल्या शाखेत विचारले असता, शाळा बंद करणे हा शिक्षणाचा विषय असल्याचे कळले. दोन्ही कार्यालये एकाच आवारात आहेत. त्यांच्यामध्ये कठडा नाही, तरी अर्जदार वळसाच घालतो आहे.

बालवाडी गेली तर बारचे दार पुन्हा पुढे येईल, असे सचिवांचे म्हणणे आहे, आणि तिसऱ्या मजल्याचा विचार करता ते कानाआड करण्यासारखे नाही. म्हणून अर्जदार स्वतः वळसा घालून मालकांना भेटला. मालक नानांची चौकशी करत होते. दाराचे विचारताच म्हणाले, "राहू दे मागेच. नाना समोर खिडकीत बसणार असतील तर पुढच्या दारानं माझ्याकडे कोण येईल? गिऱ्हाईक लाजतं त्यांना." हे त्यांनी लिहून दिलेले नाही. पण अर्जदाराकडे आजवर जे जे लिहून आले, त्यापेक्षा हे अधिक भरवशाचे वाटले.

पत्नीला विचारले. इतक्या दिवसांत तिला मुलांचा लळा लागला आहे, म्हणून जरा भीत भीतच विचारले. तिने तक्ते गुंडाळता गुंडाळता उत्तर दिले, "शाळा मी गच्चीवर घेईन. नानांना दुसरी खिडकी कुठून आणू?"

अर्जदाराने इमारतीच्या सभेत हेच सांगितले आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर नाही म्हटले. तेव्हापासून सचिव त्याच्याशी बोलत नाहीत; जिन्यात भेटले तर बारीक अक्षरे वाचल्यासारखे दुसरीकडे पाहतात. परिचारिका मात्र परवा आत जाऊन नानांच्या पायाचे बँडेज बदलून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "नाना, तिसरा मजला आला होता बरं का." नानांनी डोळे उघडले होते, असे त्या सांगतात.

१३. सबब अर्जदाराची विनंती अशी की, सदर पुढच्या खोलीला शैक्षणिक संस्था न समजता, पूर्वी ती जे होती ते, म्हणजे एक खाट, एक खिडकी व एक वृद्ध यांसाठीची खोली समजण्यात यावे, आणि तसे ना हरकत पत्र द्यावे. बारविरुद्धचे आपले सर्व अर्ज अर्जदार मागे घेत आहे. बार वाईट नाही असे त्याचे म्हणणे नाही. गाणे अजून तेच आहे. पण आता त्याच्यात एकाच गोष्टीसाठी भांडण्याइतका दम उरला आहे, आणि ती गोष्ट प्लायवूडच्या मागे आहे.

निर्णयापूर्वी स्थळपाहणी आवश्यक वाटल्यास आपण जरूर यावे. अर्जाचा मसुदा अर्जदाराने काल नानांच्या खाटेशी बसून वाचून दाखवला. ऐकतात की नाही, कळत नव्हते. शेवट झाल्यावर पाइपांकडे तोंड करूनच त्यांनी विचारले, "साहेब स्वतः येणार?" येतील, असे अर्जदाराने सांगितले, याबद्दल आपली परवानगी घेतलेली नव्हती, क्षमा असावी. त्यावर नाना थोडे वळले. म्हणाले, "मग कुठल्या बाजूनं येणार ते विचारून ठेव. आणि ती फळी आधी काढ. साहेब आले, हे घरात सांगणार कोण?"

तरी कृपया कोणत्या बाजूने येणार ते कळवावे.

आपला,
अजून तरी नम्र,
अर्जदार
(तळमजला, दाराच्या उजव्या हाताला, कागदोपत्री व्यवस्थापक, प्रत्यक्षात मुलगा)

दिनांक: आवक शिक्का पडेल तो.

सोबत:
१) बालवाडीच्या नोंदणीची प्रत.
२) आपल्या शाखेचा मोजणी नकाशा, कठड्यासह.
३) डॉक्टरांची चिठ्ठी.
४) सचिवांनी पुरावा म्हणून काढलेला फोटो. काचेमागे हात वर केलेले गृहस्थ ते नाना. टेबलावरचा पेला भरलेला आहे, हे कृपया पाहावे. डाव्या कडेला, गल्लीच्या तोंडाशी, डबा घेऊन कामावरून परत येणारा जो माणूस अर्धवट दिसतो, तो अर्जदार.